सुमतीबाईंचा भाचा

पंचवटीतल्या आमच्या इमारतीत संध्याकाळच्या आरतीच्या आत एक सूर लपून बसलेला असे. थंडीत गोदेवर धुकं उतरलं, भाजीबाजारात उरल्यासुरल्या मेथीचा वास जिन्यापर्यंत चढला, की शेजारच्या देवळात झांजा सुरू होत. आणि त्यांच्या आडोशाने खालच्या मजल्यावरून एक पातळ, पत्र्याचा, सरगमीची मधली एक पायरी नेमकी गाळणारा आवाज वर येई. आरती संपली की तोही थांबे. संगीतातला इतका वक्तशीरपणा मला संशयास्पद वाटत असे.

तो सूर सुमतीबाईंचा होता. कन्याशाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. खळ दिलेल्या सुती साडीसारख्या ताठ. त्यांनी नुसतं पाहिलं तरी आपलं उत्तर चुकल्यासारखं वाटे.

नव्वदीच्या दशकात कधीतरी त्या मेन रोडवर बाबूशेठच्या वाद्यांच्या दुकानात गेल्या होत्या. बाबूशेठचा एक रिवाज होता: घेणाऱ्याने वाद्य तिथेच वाजवून दाखवायचं, मगच ते कागदात बांधलं जायचं. लोक याला आपुलकी म्हणत. मला ती जकात वाटे. बाईंनी माउथ ऑर्गन मागितला. बाबूशेठने चष्म्यावरून पाहिलं.

"कुणासाठी?"

"भाच्यासाठी."

बाईंना ना भाऊ, ना बहीण. पण वाजवणारा हजर नसल्याने जकात माफ झाली आणि पोपटाचं चित्र असलेलं एक खेळणं हाती पडलं. घरी आल्यावर कळलं, त्यातला एक सूर मुका आहे. माउथ ऑर्गन बदलून मागावा, तर तो मुका सूर कुणी फुंकून ओळखला हे सांगावं लागलं असतं. बाईंनी तो सूर सोडून वाजवायची सवय करून घेतली.

भाचा मात्र वाढत राहिला. बाई दिसल्या, की बाबूशेठ गल्ल्यावरून हाक मारी, "काय बाई, भाचा कितवीत?" आधी सहावी, मग दहावी, मग पुण्याला इंजिनीअरिंग. गणिताच्या बाई, त्याचं वय कधी चुकलं नाही. एकदा मी बरोबर होतो. पुढे गेल्यावर म्हटलं, "बाई, तुम्हाला भाचा आहे?"

"आता आहे," बाई म्हणाल्या, आणि वाटेत मला सगळं सांगितलं. कुणाला न सांगण्याच्या अटीवर.

नव्या शतकात माझ्या घरी इंटरनेट आलं. ज्या दुकानाला शटर नाही त्यावर माझा विश्वास नव्हता; तरी एका दुपारी बाई वर आल्या, दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या यंत्रावर माउथ ऑर्गन मिळतो म्हणे. ते काही विचारतं का?"

"काही विचारत नाही, बाई."

आम्ही एक चांगला निवडला. शेवटच्या पायरीला पडद्यावर प्रश्न उमटला: ही भेटवस्तू आहे का?

"बघा! यालाही पंचाईत," बाई दचकून म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. दुपारचं ऊन टेबलावरून सरकत त्यांच्या हातांवर आलं. "नाही म्हणा," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्यासाठी आहे." हे मी विचारलंच नव्हतं.

पार्सल आलं. चकचकीत, थंडगार, आणि एक सूर याचाही मुका. बाईंनी तो पदरात गुंडाळला आणि तडक मेन रोड गाठला, मी मागोमाग.

"भाच्याचा का?" बाबूशेठने विचारलं.

"माझा. मीच वाजवते."

बाबूशेठने बाईंकडे, मग माझ्याकडे, मग त्या परक्या वाद्याकडे संशयाने पाहिलं. स्क्रू काढले, पितळी पट्टीत अडकलेला पॅकिंगचा कण फुंकरीने उडवला, आणि वाद्य पुढे केलं. "मग वाजवून दाखवा. त्याशिवाय नाही बांधून देणार."

बाईंनी वाजवलं. स्कूटरच्या गोंगाटात, फुटपाथवर उभं राहून, कुठल्याही आरतीच्या आडोशाशिवाय, एकही पायरी न गाळता. शेजारचा कापडवाला बाहेर येऊन बघत राहिला. त्या त्याच्याकडे बघत वाजवत राहिल्या.

कागदात बांधताना बाबूशेठने खालमानेने विचारलं, "आणि भाचा?"

"तो आता मोठा झाला," बाई म्हणाल्या.

आज तिथे मोबाइलचं दुकान आहे, आणि माझा फोन मला काय हवं ते मी मागायच्या आधीच सुचवतो; 'कुणासाठी' हे विचारण्याचीही त्याला गरज वाटत नाही, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर बाबूशेठपेक्षा जास्त संशय आहे. खालच्या मजल्याला कुलूप आहे. आरती होते, झांजा वाजतात, आणि त्यांच्या तळाशी मी अजून कान लावतो. जी माणसं होती ती गेली. जो कधी नव्हताच तो भाचा तेवढा उरला आहे, आणि त्याचं वय न चुकता मोजायचं काम आता माझ्याकडे आलं आहे.