डोळ्यांदेखतची मळणी

"हात लावू नकोस. पुरावा आहे तो," आबा म्हणाले.

पुरावा खुराड्याच्या दाराशी पाय वर करून पडला होता. आठवडाभर कोंबड्या अशाच मरत होत्या.

"पुरावा कसला डोंबलाचा! पिशवी धरा," आजी म्हणाली.

कुंपणापलीकडे शेजारचा टेलर शेळीला पाला घालत होता. त्याने हसून मान हलवली.

"बघ, हसतोय."

"तो रोजच हसतो."

"तेच म्हणतोय मी."

आबांची सगळी नोकरी वजनकाट्यावर गेली होती. भरलेल्या गाडीचं वजन करताना ड्रायव्हर आत बसून राहायचा आणि रिकामीचं करताना नेमका पाय मोकळे करायला उतरायचा. पोत्यांवर पाणी मारलेलं असायचं. अशा माणसांवरून आबांचं जगाबद्दल एक मत झालं आणि निवृत्तीनंतर ते मत घेऊनच ते घरी आले. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी व्यासपीठावरच साहेबांच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं.

घरामागच्या तुकड्यात ते मका लावत. यंदा कणसं वाळून तयार झाली आणि नेमकं तेव्हाच आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आजीने मळणीवाल्याला बोलवायचं काढलं.

"मी पट्टी बांधून पडलोय आणि तो दाणे काढणार? अर्धे त्याच्याच घरी जातील."

"अहो, पण पाऊस आला तर?"

"पाऊस चोऱ्या करत नाही."

पाऊस आला. उघडला, पुन्हा आला. कणसं उभ्या ताटांवर भिजत राहिली. पट्टी सुटल्यावर आबांनी शेताच्या कडेला खुर्ची टाकली आणि तोडणी, मळणी सगळं डोळ्यांदेखत करून घेतलं. एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही. मग मका अंगणात पसरून वाळवायचा, तर तिथे टेलरची नजर. म्हणून तो ओलसरच मागच्या खोलीत भरला आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. कोंबड्यांना तोच मका जात होता, आणि भरडून गाईलाही.

पिशवी घेऊन आबा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"शेजाऱ्याने विष घातलंय. त्याचं नाव सांगतो."

"नाव राहू द्या. खायला काय घालता ते सांगा."

बाई घरी आल्या, पोत्यांतला मका तपासायला घेऊन गेल्या आणि काही दिवसांनी परत आल्या.

"आबा, विष आहेच."

आबांनी आजीकडे असं पाहिलं, की जणू निकाल त्यांनीच लावला होता.

"तुमच्या मक्यात आहे. बुरशीचं. तयार पीक पावसात उभं राहिलं, त्यात तुम्ही ते ओलंच कोंडलंत. धुऊन जात नाही, भाजून जात नाही."

"दाणे स्वच्छ आहेत. मी स्वतः पाहिलेत."

"ते नुसतं बघून कळत नाही."

आबांनी थोडा विचार केला. "तुम्ही कपडे कुणाकडे शिवता?"

"तयार घेते," बाई म्हणाल्या. "हा मका गाईला घालताय का?"

आजीने गोठ्याकडे पाहिलं.

"दूध कोण पितं?"

उंबऱ्यावर नात बसली होती. आई कामावरून येईपर्यंत ती दिवसभर इथेच असायची. तिच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी मिशी होती. आबा उठले आणि तिच्या हातातला पेला त्यांनी काढून घेतला. ती रडायला लागली.

"घाबरू नका, पण तिला एकदा दाखवून आणा," बाई म्हणाल्या. "मका आजच बंद. आणि मी तपासून सांगेपर्यंत दूध ओतून द्यायचं."

नातीला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा हे आबांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. दुपारी त्यांनी खड्डा खणून सगळा मका पुरला आणि कुणी उकरून विकू नये म्हणून त्यात चुना कालवला. संध्याकाळी गाईची धार काढली आणि बादली मोरीत उपडी केली. आत नात दूध मागत होती.

"आबा!" कुंपणाशी टेलर उभा होता. हातात झाकलेलं पातेलं. "शेळीचं आहे. आत्ताच काढलंय. पोरीला उकळून द्या."

हा माणूस विषारी आहे हे आबांनी निम्म्या गल्लीला सांगितलं होतं. उरलेल्या निम्म्या गल्लीने ते टेलरला सांगितलं होतं.

आबांचे ओठ हलले. टेलर वाट पाहत थांबला.

"पालाच खाते ती," शेवटी तोच म्हणाला. "नुसता पाला."

आबांनी दोन्ही हातांनी पातेलं घेतलं.

दूध त्यांनीच उकळलं, पेल्यात ओतून फुंकर मारली आणि नातीला दिलं.

"चाखलंत?" आजीने हळूच विचारलं.

"नाही."

नातीने पेला रिकामा केला आणि आणखी मागितलं. तेही दिलं. मग आबांनी पातेलं घासलं, पुसलं आणि ते कुंपणाशी गेले. आत टेलरचं मशीन चालू होतं. त्यांनी हाक मारली नाही. मशीन थांबेपर्यंत ते पातेलं धरून तसेच उभे राहिले.