भिंतीवर टांगलेला डोळा

फ्रेमवाल्याला मधुमेह होता आणि दिसेल त्याला चौकट ठोकायची खोडही होती. त्यामुळे पहिल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो हातात ठेवला, तेव्हा व्हायचं तेच झालं. तो केशरी गोळा सोनेरी चौकटीत बसून बैठकीत लागला आणि सासऱ्यांची तसबीर फ्रिजच्या मागे गेली. बायकोने आठवडाभर अबोला धरला.

मग दर वर्षी तपासणी आणि दर वर्षी नवा फोटो.

यंदाच्या फोटोत मात्र लाल ठिपके निघाले, पिवळे डाग निघाले. साखरेमुळे आतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरताहेत, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. दुखत नाही, अजून दिसतंयही नीट, म्हणूनच तर दर वर्षी बघायचं. आता लेसर केलं तर नजर वाचेल, अंगावर काढलंत तर जाईल. फ्रेमवाल्याने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. इतकी वर्षं सपक निघणाऱ्या फोटोत एकदाची जान आली होती, आणि लेसरचे व्रण उठले की पुढचा फोटो बिघडणार, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. लेसरची तारीख त्याने सरळ बुडवली.

फोटो मोठा करून त्याने दुकानाच्या काचेत लावला आणि गल्लीला खूळ लागलं. वर्षानुवर्षं तपासणी टाळणारे झाडून सगळे साखरवाले दवाखान्यात रांगा लावू लागले. इस्त्रीवाल्याला तीन ठिपके निघाले, तर त्याचे पाय जमिनीला लागेनात. शिंप्याच्या पडद्यावर एकही ठिपका नव्हता. बिचारा तोंड पाडून घरी आला आणि त्याची समजूत काढायला शेजारी जमले.

भाजी निवडता निवडता फ्रेमवाल्याची बायको एकदाच म्हणाली, "पुढच्या वर्षीचा फोटो मी लावीन भिंतीवर. पण तो कसा दिसतो, हे तुम्हाला सांगायचं कुणी?"

"मला कशाला कुणी सांगायला हवं?"

ती मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली. कपाळावरच्या आठ्या, नाकाशेजारचा तीळ, भरून आलेले डोळे, त्याला सगळं लख्ख दिसत होतं. हे उद्या दिसणार नाही, असं मनात आलं आणि तो उठून लेसरची नवी तारीख घ्यायला निघाला.

लेसरच्या यंत्रावर हनुवटी टेकवताना तो घाबरला होता, आणि ते लपवतही नव्हता.

"बाई, फोटो बिघडला तर बिघडू द्या," तो म्हणाला. "बाहेर बायको बसलीय. ती मला दिसली पाहिजे."