ताईनं सोडलेल्या जागा

विनोद माणसाला निर्भय करतो. हे वाक्य दिग्दर्शकांनी आजवर निदान तीस सत्कारांत ऐकवलं होतं, आणि तिसांपैकी एकाही वेळी ते दोनदा बाथरूमला जाऊन आल्याशिवाय व्यासपीठावर चढले नव्हते.

वय एकसष्ट, विनोदी चित्रपट एकवीस. पहिल्या एकोणिसांना लोक हसले. विसाव्याला निम्मे हसले. एकविसाव्याच्या पहिल्या खेळाला दिग्दर्शक नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, दाराशी बसले होते. पडद्यावर नायक शिडीसकट सासऱ्यांच्या अंगावर पडला, आणि त्यानंतरच्या शांततेत पुढे कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. तेव्हापासून घरात कुणी पाकीट फोडलं तरी ते दचकत. बायको बिस्किटंसुद्धा स्वयंपाकघराचं दार लावून डब्यात काढी.

बाविसावा तयार होत होता. निर्माती म्हणजे त्यांच्या दिवंगत मित्राची मुलगी. वडिलांमागे कंपनी तिच्याकडे आली, आणि कंपनीबरोबर काकाही आले.

"काका, स्पष्टच बोलते," ती म्हणाली. "मंगळवारी साठ माणसांना दाखवू. हसले तर थिएटरात लावू. नाही हसले तर डब्यात. मग तुम्ही आराम करा."

'आराम' हा शब्द तिनं डॉक्टर उच्चारतात तसा उच्चारला.

दिग्दर्शकांची सगळी भिस्त ताईवर होती. ताई म्हणजे चार वर्षांनी मोठी बहीण, आणि पहिल्यापासून त्यांच्या सगळ्या चित्रपटांची संकलक. लोक हसत असताना पुढचं वाक्य आलं तर ते वाया जातं, म्हणून प्रत्येक विनोदानंतर थोडी रिकामी जागा सोडावी लागते. किती सोडायची, हे कुणालाच सांगता येत नाही. ताईला येई, कारण संकलनाच्या खोलीत ती स्वतःच हसे. मोठ्यांदा, मान मागे टाकून. हसू संपलं की तिचं बोट बटणावर पडे, आणि तिथे कट. समीक्षक ज्याला दिग्दर्शकाची लय म्हणत, ती ताईच्या फुफ्फुसांची ताकद होती. ज्या वर्षी तिला ब्राँकायटिस झाला, त्या वर्षीच्या चित्रपटाला वेगवान हाताळणीबद्दल पारितोषिक मिळालं.

या वेळी ताई हसली नाही.

फिरत्या दारात कपाट अडकतं, तो प्रसंग लागला होता. नायक आत, कपाट बाहेर, कपाटात सासरे. दिग्दर्शक मागच्या स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून तिच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही. ताईनं ओठ घट्ट मिटून पडद्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि कट मारला.

"बरं नाही का तुला?"

"बरंय."

"हसली नाहीस."

"आतून हसले."

आतून! संकलनाच्या एकतीस वर्षांत ताई कधी आतून हसली नव्हती. मामांच्या अंत्यसंस्काराला पुरुषांच्या बुटांची अदलाबदल झाली, तेव्हासुद्धा ती बाहेरूनच हसली होती.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. ताई चहा भिंतीकडे तोंड करून एकटीच पिई. विचारलेल्याला "हं" किंवा "नको" एवढंच उत्तर देई. चित्रपट मेलाय आणि सांगायला तिची जीभ रेटत नाही, ही दिग्दर्शकांची पहिली भीती. तिला काहीतरी मोठा आजार झालाय, ही दुसरी. हा क्रम उलटा असायला हवा होता, हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली. ती तिसरी.

सोमवारी दुपारी ताई "जरा जाऊन येते" म्हणून बाहेर पडली. दिग्दर्शकांनी वही उघडली.

'फिरतं दार – चार सेकंद. शिडीवरून घेतले.'

शिडी म्हणजे एकविसावा. शिडी म्हणजे वेफर्स. ते पानं उलटत गेले, तर सगळीकडे तेच. अमुक जागा तमुक जुन्या चित्रपटावरून. ताई हसायचं सोडून नुसती मापं लावत होती. एकूण एकशे बारा जागा. म्हणजे मंगळवारी साठ माणसांच्या देखत एकशे बारा शांतता. ते खुर्चीत बसले. जागा सोडायला ताई लागते, काढून टाकणं त्यांनाही येत होतं. ताई परतायच्या आत त्यांनी सगळ्या काढल्या. चित्रपट पावणेसात मिनिटांनी आखडला. लोक हसले नाहीत तरी निदान ते ऐकू तरी येणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मंगळवारी सकाळी अकराला छोटं सभागृह भरलं. पहिल्याच विनोदाला लोक हसले. दिग्दर्शकांचा कानांवर विश्वास बसेना. पण त्या हसण्याखाली दुसरा विनोद गेला, आणि दुसऱ्यावर जे हसले त्यांच्याखाली तिसरा.

"काय म्हणाला तो?" पुढच्या रांगेतले एक गृहस्थ.

"तुम्ही गप्प बसाल तर कळेल ना!" त्यांची बायको.

हळूहळू सगळेच गप्प बसले. गोष्ट ऐकायची तर हसू आवरणं भाग होतं. कपाट दारात अडकलं तेव्हा साठ माणसं कान टवकारून, परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. निर्मातीनं पेनाला टोपण लावलं. टक्. आराम, आराम, आराम.

अंधारात ताईनं त्यांचं मनगट पकडलं.

"छोट्या, माझ्या जागा कुठायत?"

"काढल्या."

"सगळ्या?"

"तू एकदाही हसली नाहीस, ताई. मला वाटलं, संपलं सगळं. मला वाटलं, तुलाच काहीतरी…"

ताईनं इकडेतिकडे पाहिलं, तोंडावर हात धरला आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"खालची कवळी नवीन आहे. हसले की निसटते. कालही दवाखान्यातच गेले होते, तर डॉक्टर सुट्टीवर."

"मग सांगायचं नाहीस?"

"तुला? मेल्या, पुढच्या सिनेमात घातली असतीस."

दिग्दर्शकांनाही ठाऊक होतं. घातली असती.

दिवे लागल्यावर ताई निर्मातीसमोर उभी राहिली. "चूक संकलनात झालीय गं. शुक्रवारी दुसरी साठ माणसं बोलाव." कुणी केली, ते तिनं सांगितलं नाही.

दोन दिवस ताई कवळी पेल्यात ठेवून हसली. एकशे बारा जागा परत आल्या. कवळीशिवाय हसू आवरायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्येक जागा अर्ध्या सेकंदानं वाढली.

शुक्रवारी दिग्दर्शक पूर्ण वेळ बाथरूममध्ये होते. झरोक्यातून एकदम मोठा गलका आला, तेव्हा त्यांना आधी वाटलं, आग लागली.

चित्रपट थिएटरात लागला. एका समीक्षकानं लिहिलं की, दिग्दर्शकाच्या लांबलेल्या विरामांत आता मृत्यूची चाहूल ऐकू येते. ते कात्रण वाचून दिग्दर्शक आठवडाभर झोपले नाहीत.

डॉक्टर सुट्टीवरून परतल्यावर ताईनं कवळी घासून घेतली. आता नीट बसते.