चौथ्या बुरुजाचा धोंडा

आमच्या डोंगरावरच्या किल्ल्याला तीनच बुरूज. मोगलांच्या कुठल्याशा सुभेदाराने तो बांधायला काढला, तट कमरेइतका वर आला आणि दक्षिणेकडे कूच करायचा हुकूम आला. फौज गेली, पाथरवट राहिले; त्यांचंच हे गाव. पूर्वेला दरवाजाची कमान आहे, दार कधी बसलंच नाही. मधे निम्मी खोदलेली विहीर, तिच्या अंगाला कोठाराचं जोतं. पश्चिमेचा कोपरा मोगलांनी रिकामा सोडला, म्हणून गावातलं प्रत्येक नवं जोडपं लग्नानंतर तिथे एक धोंडा नेऊन ठेवतं. जोडीने ठेवायचा, आणि काढायची वेळ आलीच तर जोडीनेच काढायचा.

अशा जागेवर अभिमन्यूला खडी क्रशर टाकायचा होता. सरपंच झाल्यापासून त्याला डोंगरात डोंगर दिसतच नाही, खडी दिसते. ग्रामसभाही त्याने वरच बोलावली. ग्रामसेवक ठरावाचा कागद घेऊन बसला होता.

"पुरा झालाच न्हाई, तर किल्ला कशाचा?" अभिमन्यू म्हणाला. "नुसता दगडाचा ढीग हाय. करा सह्या."

माझं डोकंच फिरलं. पासष्ट वर्षांची मी, आता भीड कुणाची धरू?

"तुझ्या गच्चीवर सहा वर्सं झाली, सळ्या उभ्या हायेत," मी म्हणाले. "मग तुझं घर बी ढीगच म्हनायचं का?"

लोक हसले. अभिमन्यू नाही हसला. "छबुमावशी, लई बोलायलीस. मशीन उद्या येनार हाय."

"येऊ दे की. पर रीत हाय. आदी तुझा धोंडा काढ."

म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. त्याशिवाय सही नाही, हे त्यालाही कळलं. त्याचा धोंडा सगळ्यात वर होता, दोन वर्षांपूर्वीचा, पांढऱ्या रंगात दोघांची नावं. तो तरातरा गेला, वाकला आणि बायकांच्या घोळक्याकडे बघून ओरडला, "राजनंदिनी, ये. हात लाव."

राजनंदिनी नेकनूरची. लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज गावाने ऐकला नव्हता. ती पुढे आली, तिने पदर खोचला. मला वाटलं, संपलं सगळं. रडूच आलं मला.

राजनंदिनी त्या धोंड्यावर बसली.

"किल्ला अर्धा न्हाई," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "काम चालू हाय. लिवा तसं."