तिसरा ठिपका

संक्रांतीच्या सकाळी घरातल्या मोठ्या बाईने अंगणात ठिपके घालायचे आणि सुनेने ते जोडायचे, ही त्या घरची रीत. मुकुटबन गावात इतर घरी आता उदबत्तीने भोकं पाडलेला कागद अंथरतात. विमलताईंना त्या कागदाची कीव यायची. चिमटीतून एकेक ठिपका सोडत त्या मागे सरकत जायच्या. मधल्या ओळीत पंधरा, मग वर-खाली एकेक कमी करत आठपर्यंत. सहा वर्षांत अर्पिताला त्या जाळीत खोट सापडली नव्हती, आणि एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र केलेल्या अर्पिताची नजर खोट शोधणारीच होती.

यंदा तिचं सगळं या जाळीवर येऊन थांबलं होतं. वणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून दिवाळीत फोन आला होता, संक्रांतीनंतर शिकवायला या म्हणून. तिचा नवरा अमर नाही म्हणाला नाही. आई छोट्या लेकीला, प्रेरणाला, आणि घराला दिवसभर सांभाळू शकत असेल तर खुशाल जा, एवढंच त्याचं म्हणणं. पण दिवाळीपासूनच विमलताईंचे डोळे कुरकुरू लागले होते. त्या सुईत दोरा ओवून मागत, वरणात मीठ दोनदा टाकत. डॉक्टरांना दाखवू म्हटलं की उठून जात. शेवटी अमर म्हणाला, संक्रांत होऊ दे, आईला कितपत झेपतं पाहू, मग ठरवू.

ठिपके घालून विमलताई तीळ भाजायला आत गेल्या. अर्पिता रांगोळीची वाटी घेऊन बसली आणि तिचा हात थांबला. प्रत्येक ओळीतला तिसरा ठिपका फाटकाच्या बाजूला सरकला होता. तसेच जोडले असते तर एका अंगाच्या सगळ्या पाकळ्या लुळ्या पडल्या असत्या. दुपारी वाण घ्यायला बायका येणार, विमलताईंची नजर गेली म्हणणार आणि ते अमरच्या कानावर पडणार.

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग पदराच्या टोकाने तिसरा ठिपका पुसला आणि बोटभर अलीकडे टाकला. पुढच्या ओळीतला तसाच, त्याच्या पुढचाही. काम पटकन झालं, कारण सगळे ठिपके एकाच बाजूला आणि सारखेच सरकले होते. सुटल्याच्या आनंदात तिने त्यावर विचार केला नाही.

दुपारी अमर तुरीच्या मळणीवरून आला तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. शेजारच्या नंदाबाई रांगोळीला वळसा घालून ओट्यापाशी आल्या. “विमलताई, हात हाय का मशीन हाय वो तुमचा?” त्यांनी विचारलं. बायका हसल्या, अमरही हसला. तिळगूळ वाटता वाटता अर्पिताने मनातल्या मनात सकाळची बस पकडली.

विमलताईंनी तिचं मनगट धरून तिला जवळ ओढलं.

“माया हाताचं काय घेऊन बसल्या? मले आता दिसूनच नाही राह्यलं. म्या वाकडेतिकडे टाकले ठिपके, अन् इनं गुपचूप सरके केले. सासूले वाईट वाटू नये म्हनून बोलली बी नाही. हे हाय म्हनून मायं घर चालून राह्यलं.”

सहा वर्षांत त्यांनी चारचौघांत सुनेचं पहिल्यांदाच कौतुक केलं होतं. बायका हळहळल्या, मग अर्पिताकडे पाहून माना डोलावू लागल्या. ज्या बाईला दिसत नाही तिला ठिपके सरळ केलेले कसे दिसले, हे कोणी विचारलं नाही.

“आता तूच सांग,” अमर हलक्या आवाजात म्हणाला. “आईले असं टाकून जाशीन का तू?”

त्याचा आवाज मायेचा होता. त्याने सरळ नाही म्हणून टाकलं असतं तर तिला भांडता आलं असतं. उद्या कॉलेजला फोन करून कळवते, असं ती म्हणाली.

बायका गेल्यावर ती पाकळ्यांवर पडलेली पावलं पुसत बसली. नजर अधू झाली की चूक विखुरते. एक ठिपका इकडे पडतो, एक तिकडे. प्रत्येक ओळीतला तिसराच, एकाच बाजूला, बोटभरच सरकत नाही. हे तिला सकाळीच कळायला हवं होतं. आणि कळून काय केलं असतं, तेही तिला सुचेना. वाकडे ठेवले असते तरी ती घरीच राहिली असती.

“तुयशीच्या बाजूचा तो खालचा ठिपका राह्यला, पाह्य,” ओट्यावरून विमलताई म्हणाल्या. “जरासा तिरपा हाय.”

अर्पिताने वाकून पाहिलं. तो खरोखर ज्वारीच्या दाण्याएवढा सरकला होता. ओट्यापासून तुळस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने मान वर केली. विमलताई तिच्याचकडे पाहत होत्या, थेट, पापणी न हलवता.

फाटक वाजलं. विमलताईंनी कपाळावर आडवा हात धरला आणि डोळे बारीक केले.

“कोन आलं वो, माय? मले त काही वळखू येत नाही.”

पिशवी विसरली म्हणून नंदाबाईच परत आल्या होत्या. त्या तिथेच थबकल्या आणि डोळ्यांनीच अर्पिताला धीर देऊ लागल्या.

“नंदाबाई आहेत, आई,” अर्पिता म्हणाली, आणि तिने तो ठिपका पुसून नीट जागेवर घातला.