हाक न मारलेलं नाव

माझ्या नवऱ्याला स्वातंत्र्याचा क्रॉस, म्हणजे आमच्या स्वातंत्र्ययुद्धाचं मोठं पदक, मिळाला तेव्हा अख्खं गाव आमच्या अंगणात बिअर प्यायला जमलं होतं. माझ्या भावाचं नाव चुकूनही निघू नये म्हणून सगळे घसा फाटेस्तोवर गात होते. मी आत बटाटे सोलत होते. मनात म्हटलं, गा मेल्यांनो, गा. कारण गावात एकही माणूस असा नव्हता ज्याला माहीत नव्हतं की माझा थोरला भाऊ एवाल्ड लढाईतून पळून गेला.

निदान तसं सांगण्यात आलं होतं. १९१९चा जानेवारी. नदीकाठच्या गिरणीत लाल फौजेची मशीनगन बसली होती आणि आमची पोरं तीन दिवस बर्फात पोटावर पडून होती. गिरणीवर कोण जातो, असं कप्तानानं विचारलं तेव्हा दोघं पुढे झाले, एवाल्ड आणि हिंद्रेक. शेजारच्या शेतावरचा हिंद्रेक, लहानपणापासून आमच्या घरात पडीक. माझं त्याच्याशी लग्नही ठरल्यातच जमा होतं. पहाटे मशीनगन गप्प झाली. बाकीचे आत शिरले तर हिंद्रेक एकटाच बसलेला. एवाल्ड कुठाय, असं विचारल्यावर म्हणाला, "नदीकडे पळाला." बस, एवढंच. एवाल्ड पुन्हा कोणाला दिसला नाही, ना जिवंत ना मेलेला.

आमच्या परगण्यात दोन क्रॉस आले. हिंद्रेकचा शौर्याचा आणि शाळामास्तर प्रीदिकचा नागरी सेवेचा. मास्तरांनी घरोघर फिरून फौजेसाठी मोजे आणि पाव गोळा केले होते. ते स्वतःच हसायचे. "काय सांगू लेनी, तुझ्या नवऱ्यानं हातबाँब टाकले आणि मी मोजे जोडीनं लावले. कपडे काढून न्हाणीघरात शिरलो तरी हा क्रॉस काढवत नाही बघ मला!" माणूस चांगला होता. पण चर्चपुढच्या दगडावर कोरायची लढाईत मेलेल्यांची नावं त्यांनीच लिहून दिली आणि त्यात एवाल्ड नव्हता. मी जाब विचारायला गेले तर म्हणाले, "पोरी, सरकारी यादीत नाही, मी काय करू?" आणि खडूचा डबा उगाच इकडून तिकडे ठेवत राहिले.

क्रॉसबरोबर जमीन आली. कुठली, तर आमचीच! माझे बाबा, यागुप त्यांचं नाव, चाळीस वर्षं ती जमीन जर्मन जहागीरदाराचं कूळ म्हणून कसत आले होते. आता ती जावयाच्या नावावर झाली. बाबा त्या दिवशी शेताच्या चारी कोपऱ्यांवर जाऊन उभे राहिले. घरी आले ते रडतच. जन्मात पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं. आई असती तर तिनंही डोळे पुसले असते, पण ती युद्धाआधीच गेली होती.

आता ते नोव्हेंबरचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. आमच्याकडे नोव्हेंबर लागला की पितरांचे दिवस. चरखा बंद, कुऱ्हाड बंद, मोठ्यानं बोलणं बंद. एका संध्याकाळी टेबलावर राय धान्याची काळी भाकरी, उकडलेले वाटाणे, मांस, बिअर मांडायची आणि घरच्या कर्त्यानं दार उघडून एकेका मेलेल्याला नावानं हाक मारायची. ज्याच्या नावानं हाक, तोच उंबरा ओलांडू शकतो. त्यांचं खाऊन झालं की कर्ता पुन्हा एकेकाचं नाव घेऊन निरोप देतो. रस्त्यानंच जा म्हणतो, शेतातल्या कोवळ्या पिकात पाय देऊ नका म्हणतो. पाद्रीबुवा दर वर्षी यावर तोंडसुख घेतात. त्यांच्या घरी वाटाणे कोण उकडतं ते मात्र त्यांच्या बायकोला विचारा.

बाबा सगळ्यांना हाक मारायचे. आजोबा, आजी, आई, तान्हेपणी गेलेली माझी बहीण. एवाल्डला नाही. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "बाबा, एवाल्ड?" तर म्हणाले, "पळपुट्याला या घरात ताट नाही." आणि दार लावलं.

पण तो यायचा. तुम्ही काहीही म्हणा. दार लागलं की पायरीवर बूट आपटल्याचा आवाज व्हायचा, बर्फ झाडून आत यायला निघालेला माणूस आपटतो तसा. मग कडी अर्धी वर उचलली जायची आणि खाली पडायची. बाबांचा चमचा हवेत थांबायचा. "वारा," ते म्हणायचे. हिंद्रेक तर त्या संध्याकाळी घोड्याला बघायला म्हणून तबेल्यात जाऊन बसायचा. आणि सकाळी नदीकडून आमच्या दारापर्यंत रायचं कोवळं पीक तुडवलेलं असायचं. रस्त्यानं जा, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं ना!

असं एक वर्ष नाही, दोन नाही, अकरा वर्षं. मी लाजेनं मेले होते, रागानं मेले होते. भावावरच चिडायचे. पळालास तर पळालास, आता दारात कशाला उभा राहतोस, असं मनात म्हणायचे. पण भूक लागलेलं माणूस बाहेर आहे आणि आपण आत जेवतोय, हे काही घशाखाली उतरायचं नाही. भाऊ होता माझा. मला त्याला घरात घ्यायचं होतं, पळपुटा तर पळपुटा.

१९३०च्या शरदात बाबांनी अंथरूण धरलं. पायांत साचलेलं पाणी पोटापर्यंत चढलं होतं. पितरांच्या संध्याकाळी त्यांनी हिंद्रेकला पलंगापाशी बोलावलं. "जावई, मला उभं राहवत नाही. यंदा हाका तू मार. इथून पुढे कर्ता तूच."

हिंद्रेकचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "लेनीला सांगा की," तो म्हणाला.

"बायकांनी कधी हाका मारल्यात? वेडा की काय तू?"

मला वाटलं, देवानंच दिली ही संधी. मी हिंद्रेकला चुलीमागे ओढलं. "हे बघ, आता तू कर्ता आहेस. एवाल्डला हाक मार. बाबा काय उठून मारणार आहेत तुला? एकदा येऊ दे त्याला आत. एकदा जेवू दे."

"नको, लेनी."

"का नको? तुझ्या क्रॉसला डाग लागेल? सगळा परगणा टोपी काढतो तुला, एका भुकेल्या जिवाला हाक मारलीस तर काय झिजणार आहे तुझं?"

"ज्याला हाक मारावी तो समोर येऊन बसतो," हिंद्रेक म्हणाला. मला तेव्हाही कळलं नाही. मला वाटलं, भुताला घाबरतो. मशीनगनवर चालून गेलेला माणूस! मला हसूही आलं आणि कीवही आली.

चारलाच अंधारून आलं होतं. लेकराला मी शेजारी धाडलं होतं. मी ताटं मांडली आणि कोणाला न विचारता एक जास्त मांडलं. हिंद्रेकनं हातात दिवा घेऊन दार उघडलं. आजोबांना हाक मारली, आजीला मारली. आईच्या नावाला आवाज चिरकला. बहिणीचं नाव घेतलं आणि दाराला हात घातला. मी त्याचा हात धरला. "आणखी एक," मी म्हटलं.

बाहेर बूट वाजले. तिघांनीही ऐकलं. या वेळी कोणी वारा म्हणालं नाही.

हिंद्रेकनं दिवा खाली ठेवला, आणि उंबऱ्याजवळच भुईवर बसला. "तो पळाला नाही," तो म्हणाला.

"काय?"

"एवाल्ड पळाला नाही, लेनी. मी काठाखाली पडून होतो. पाय उचललेच नाहीत माझे, मी काय करू? तो एकटा गेला. त्यानंच खिडकीतून बाँब टाकले. सगळं थंडावल्यावर तो पुन्हा गोठलेल्या नदीच्या बर्फावर आला, मला शोधत. 'हिंद्रेक, हिंद्रेक' करत हाका मारत होता. मी ओ दिली नाही. मला वाटलं, मी बोललो तर कोणीतरी गोळी घालेल. तो हाका मारत पुढे पुढे गेला आणि बर्फ फुटला. मग मी गिरणीत गेलो. आत ऊब होती म्हणून गेलो, दुसरं काही नाही मनात. कप्तान आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, शाब्बास. मी नाही म्हणालो नाही."

मी त्याच्या तोंडात मारली. मग दुसऱ्या हातानं मारली. तो तसाच बसून राहिला. अकरा वर्षं या माणसाबरोबर एका अंथरुणात झोपले होते मी, त्याच्या क्रॉसची फीत धुऊन इस्त्री केली होती. माझा एवाल्ड त्या काळ्या पाण्यात गेला, का, तर याला शोधायला गेला म्हणून! मला ओरडायचं होतं, पण पितरांच्या दिवसांत मोठ्यानं बोलायचं नसतं, आणि सवयीनं मी स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

मी बाबांकडे वळले. म्हटलं, आता म्हातारा उठेल, जावयाला घराबाहेर काढेल, स्वतः रांगत दाराशी जाऊन लेकाला हाक मारेल. "बाबा, ऐकलंत ना?" मी म्हटलं. "ऐकलंत ना हो?"

बाबा छताकडे बघत होते. "दार लाव," ते म्हणाले. "थंडी आत येतेय."

"बाबा!"

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "गिरणीवाल्याची विधवा, माद्ली, आठ वर्षांपूर्वी बाजारात भेटली होती. तळघरात लपली होती ती. तुमच्या लेकानं माझ्या हातचं पाणी प्यायलं म्हणाली. दंडातून रक्त गळत होतं, थांब म्हटलं तर थांबला नाही, माझा सोबती बर्फावर राहिलाय, त्याला घेऊन येतो म्हणाला. मी तिला म्हटलं, बाई, हे कोणाला सांगू नकोस."

"का?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"घरी आलो तर तू पोटुशी होतीस. नव्या छपराचे वासे चढत होते. क्रॉस गेला तर जमीन जाणार. चाळीस वर्षं मी दुसऱ्याची माती नांगरली, लेनी. मी म्हटलं, जिवंतांना घर हवं. मेलेला समजून घेईल. माझा मुलगा आहे, समजून घेईल."

"अहो, मग निदान हाक तरी मारायची होतीत! घरात, आपल्या आपल्यात! कोणाला कळलं असतं?"

बाबांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाले, "कोणत्या तोंडानं मारू?"

मी उघड्या दारात गेले. बायकांनी हाका मारायच्या नसतात, पण त्या घरात हाक मारायच्या लायकीचा दुसरा होता तरी कोण? मी म्हटलं, "एवाल्ड, ये. तुझं ताट वाढलंय. मला माफ कर आणि आत ये." तीनदा म्हटलं. पायरीवर कोणी नव्हतं. कडी हलली नाही, भुईवरच्या दिव्याची ज्योत हलली नाही. आजी-आजोबा येतात तेव्हा खोलीत जी ऊब येते, ती आली नाही. ताट निवून गेलं.

पहाटे बाबांनी विचारलं, "बोलावलंस?"

"बोलावलं."

"आला?"

हो म्हणता आलं असतं. मरणाऱ्या माणसाशी कोणीही खोटं बोलतं. पण माझं डोकं त्या वेळी ठिकाणावर नव्हतं आणि मनात दयाही नव्हती. मी म्हटलं, "नाही आला. अकरा वर्षं तो दारात उभा होता तो तुम्हाला खरं माहीत नाही म्हणून. काल तो बाहेरच होता, बाबा. तुम्ही बोललात ते सगळं त्यानं ऐकलं."

पुढे हिंद्रेकनं राजधानीला पत्र लिहून सगळं कबूल केलं. क्रॉसची यादी केव्हाच बंद झाली आहे, आता तीत फेरफार होत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. पण तोवर बाबा नव्हते. त्या संध्याकाळनंतर ते नऊ दिवस जगले आणि त्या नऊ दिवसांत त्यांनी अन्नाला हात लावला नाही. मी दोन वेळा ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. ते दाराकडे तोंड करून पडलेले असायचे. आणि मी, देवा मला क्षमा कर, एकदाही त्यांना खा म्हटलं नाही.