तेल लावून येऊ नका

मी एक जुनी टोपी आहे. गांधी टोपी नव्हे आणि थंडीतली माकडटोपी तर नव्हेच. दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत मी मेंदू ऐकण्याचं काम करते. माझ्या अंगभर बटणांएवढ्या चकत्या शिवल्या आहेत आणि प्रत्येकीला एक वायर आहे. लोकांना टोप्या घालणारे या शहरात पुष्कळ भेटतील, पण मी आजवर कुणालाच फसवलेलं नाही.

मित्रांनो, मेंदूलाही ताल असतो. वरातीतला बँड आठवा. ढोल संथ ठेका धरतो आणि त्यावर पिपाण्या भराभर वाजतात. आठवण साठवतानाही मेंदूत एक संथ लहर असते आणि तिच्या ठेक्यावर बारीक, जलद लहरी बसतात. अल्झायमरच्या आजारात मात्र पेशींभोवती चिकट प्रथिनं साचतात, पेशींच्या आत धाग्यांचा गुंता होतो आणि ठेका सांभाळणाऱ्या पेशी डळमळू लागतात. मग सगळेच वाजवतात, पण ज्याचं त्याचं वेगळं.

उमेदीच्या काळात मी शेकडो डोक्यांवर बसले. पुढे नवी, मऊ टोपी आली आणि माझी रवानगी खणात झाली. माझं इलॅस्टिकही सैल पडलं होतं, नाही असं नाही. पण करोल बागेतल्या भालचंद्र आजोबांचं गेल्या वर्षीचं मापन माझ्यावर झालं होतं. यंदाच्याशी ते ताडून बघायचं तर टोपीही तीच हवी. म्हणून मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या इशिताने, आमच्या संशोधक पोरीने, मला बाहेर काढलं. मी खूश!

आजोबा बायकोबरोबर, प्रभाआजींबरोबर, आले ते चापून भांग पाडून, डोकं चकाकत.

"आजी, तेल?" इशिताचा चेहरा पडला. "मी डोकं धुऊन यायला सांगितलं होतं ना!"

"धुतलं की! मग तेल लावलं," प्रभाआजी म्हणाल्या. "धुतल्यावर कोरडंच ठेवायचं? परक्या ठिकाणी जायचं म्हणून चांगलं चोळून लावलं."

तेलावर माझ्या चकत्यांचं काही चालत नाही. आजचं मापन हुकलं असतं, तर गेल्या वर्षीचंही वाया गेलं असतं. मदतनीस सुजयने आजोबांना हाताला धरून बेसिनकडे नेलं, तर ते हात झटकून बिथरले. "कौन हो तुम लोग? मला घरी जायचंय!"

प्रभाआजींचे डोळे भरून आले. "ह्यांनी कित्येक महिन्यांत मला नावाने हाक मारलेली नाही गं," त्या इशिताला म्हणाल्या. "ते नाव आत आहे की पुसलं गेलं, एवढं तुझ्या मशीनला विचारता येईल?"

"नाव नाही कळत, आजी. फक्त ठेका कळतो."

आजींनी पदर खोचला, आजोबांचं डोकं बेसिनवर वाकवलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा हं, साबण जाईल."

आजोबा एकदम शांत झाले. "आज नरकचतुर्दशी का?"

बाहेर मार्चचं ऊन होतं. इशिता काही बोलणार, तोच आजींनी तिला डोळ्यांनी दटावलं. "हो तर. अभ्यंगस्नान चाललंय."

"मग फटाके कसे नाहीत?"

"दिल्लीत बंदी आहे ना!"

"अच्छा, बिल्कुल बरोबर," आजोबा म्हणाले. डोकं पुसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "ही कुणाची?"

"सरकारी आहे," इशिता म्हणाली.

"सरकारी? मग घाला." जन्मभर मंत्रालयात नोकरी केलेला माणूस तो, ताठ बसला.

मी कान देऊन ऐकलं. ढोल गेल्या वर्षीपेक्षा मंदावला होता आणि पिपाण्या जास्तच भरकटल्या होत्या. आठवण तपासायला दाखवलेल्या चित्रांपैकी त्यांना एक हत्ती तेवढा आठवला. मला वाईट वाटलं. मग डोळे मिटून स्वस्थ बसायची वेळ आली आणि आजी त्यांच्या मानेवरचं पाणी टिपू लागल्या.

"प्रभा," आजोबा डोळे न उघडताच म्हणाले, "यंदा चकल्या जास्त कर. गेल्या वेळी पुरल्या नाहीत."

आजींचा हात मानेवरच थांबला. "करते," एवढंच त्या म्हणाल्या आणि लगेच हसल्या, रडल्याही.

त्या क्षणी मी काय टिपलं, असं विचाराल तर नुसतं गिचमीड. बोलताना माणसाचा जबडा हलतो आणि त्या गडबडीत मला मेंदूचं काही ऐकूच येत नाही. इशिताने नंतर तेवढा तुकडा नियमाप्रमाणे कापून टाकला. त्या नावाच्या वेळी ढोल सावरला होता का, ते मलाही ठाऊक नाही.

आता मी पुन्हा खणात आहे आणि मजेत आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा ठेका चुकत असेल, तर दर वेळी चूक दाखवू नका. मार्चमध्ये दिवाळी निघाली, तर चार चकल्या तळा. आणि डोक्याला तेलही जरूर लावा.

फक्त माझ्याकडे यायच्या दिवशी नको.